कार्डांना हात

"तू कार्डांना हात लावू नकोस. तुमच्या लोकांच्या हाताला घाम फार. कार्ड फुगतं, मशीनमध्ये अडकतं."

सर अगदी शांतपणे म्हणाले. रागावले असते तर परवडलं असतं. सांगलीचं इंजिनिअरिंग कॉलेज, ऑक्टोबरचा उकाडा, पंखा बंद. घाम सगळ्यांनाच आला होता. सरांच्या सदऱ्याची पाठ भिजली होती. पण मशीनला चालणार नव्हता तो फक्त माझा घाम.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. कॉम्प्युटर पुण्यात, आमच्याकडे नुसती पुठ्ठ्याची कार्डं. बॅटरी केवढी, कुठला रेझिस्टर कुठं, हे भोकं पाडून कार्डांवर भरायचं. गठ्ठा एसटीनं पुण्याला धाडायचा. मग छापील कागद यायचा. सर्किट न जोडताच त्यातून किती करंट जाईल, ते त्यावर असायचं. मला याचं लय नवल. म्हणून त्या दिवशी, घामाचं बोलणं व्हायच्या आधी, मी विचारलं होतं. होस्टेलवर शुद्ध भाषेत घोकून आलो होतो.

"सर, दिवा जोडलाच नाही, तर तो पेटेल हे मशीनला कसं कळतं?"

नवशिक्याचाच प्रश्न. वर्ग खिदळला. सरांनी विचारलं, "तुझ्या घरी वीज आहे का?"

"न्हाई, सर."

"मग तुला दिव्याची काळजी कशाला?"

पुन्हा हशा. त्यानंतर मी माझी कार्डं घ्यायला टेबलाशी गेलो, तेव्हा ते घामाचं आलं.

मी हात मागे घेतला. कुणी ओढला नाही. मीच घेतला. माझी कार्डं शेजारच्या मुलानं भरली. पुढे सरांनी "शंका?" म्हटलं की मी खाली मान घालायचो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार.

दिवाळीला गावी गेलो, जतकडे. गावात विजेचे खांब आले होते. आमच्या महारवाड्याच्या अलीकडेच थांबले होते. मी वडिलांना म्हणालो, "आबा, पंचायतीत इचारा की. खांब म्होरं का न्हाई आलं?"

आबांनी विडी विझवली. "आपुन इचारायचं नसतं, बाळा. देतील तवा घ्यायचं."

आबांचं सगळं आयुष्य त्या वाक्यात गेलं होतं. आणि कॉलेजात मान खाली घालून मी तेच तर करत होतो. आबांचा राग नाही आला. फार रडू आलं.

सुट्टीनंतर सरांनी "शंका?" म्हटलं. मी उठलो. तोच दिव्याचा प्रश्न विचारला.

"खाली बस."

बसलो नाही. टेबलाशी गेलो. कोरं कार्ड उचललं, घामेजल्या हातानं. "सर, उत्तर द्या. आन् माझी कार्डं मीच भरनार."

आता कुणी हसलं नाही.

"चालता हो," सर म्हणाले.

माझी टर्म नामंजूर झाली. शिष्यवृत्ती बंद झाली. वर्ष फुकट गेलं. आबांना कळलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "गप ऱ्हायाला काय झालं हुतं रं?" त्यानंतर कित्येक दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. ते दुःख सरांच्या बोलण्याहून मोठं. अजून आहे.

जूनमध्ये पुन्हा तोच वर्ग, तेच सर. मी पहिल्या बाकावर बसलो. त्यांनी खडू उचलायच्या आत उभा राहिलो.

"सर, शंका हाय."