धाप न लागणारी मोटार

भाटघरचं धरण पुरं झालं आणि तिथल्या ठेकेदारांचं सामान विकायला निघालं, तेव्हा मी भोरला संस्थानच्या कचेरीत कारकून होतो आणि मला मोटार हवी होती. कशाला हवी होती, ते विचारू नका. कचेरी घरातून दिसत असे. पण विंझरला मेव्हण्याचं लग्न ठरलं होतं. माझी बायको त्याची एकुलती बहीण, म्हणजे करवली. अक्षता पडताना नवरदेवाच्या मागं कऱ्हा घेऊन तिनंच उभं राहायचं. तिला मोटारीतून मांडवाच्या दारात उतरवायचं, हे चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं. त्या चित्रात मी मिशीला पीळ देत होतो. मला मिशी नव्हती.

जुन्या मोटारीत फसगत होते, एवढं मी ऐकून होतो. म्हणून जाणता माणूस बरोबर नेला: माझे चुलते. बैलबाजारात काकांना अजून कुणी खोडीचं जनावर खपवलं नव्हतं. मोटार त्यांनी लांबून पाहिली होती, पण पारख ती पारख, असा माझा हिशेब.

ठेकेदाराचा माणूस गाडी पुसत उभा होता. काकांनी गाडीभोवती फेरी मारली, चाकं खुरासारखी दाबली, पुढच्या जाळीवरून बोट फिरवून "दात जुळल्यात, ऐन वयातलं हाय" म्हणाले. तो इसम हुशार. क्षणात बोली बदलून म्हणाला, "एका हाताखालची हाय, मालक. सायबाबिगर कुनाला अंगाला हात लावू दिला न्हाई." काका खूश. मग धरणाजवळच्या सपाट रस्त्यावर त्यानं आम्हाला फिरवलं. गाडी थांबली तसे काका खाली उतरले, बरगडीला लावावा तसा पत्र्याला कान लावला आणि डोळे मिटून ऐकत राहिले.

"घरघर न्हाई. धाप न्हाई," ते म्हणाले. "धाप लपवता येत न्हाई जनावराला. घे."

"काका, चढावर नेऊन बघू या का?"

"आरं, गप चालतंय ते. आनि काय बघतूस?"

त्यांनी खांद्यावरचा रुमाल हातावर टाकला, त्याच्याखाली दोघांची बोटं हलली, आणि सौदा झाला. किंमत काय ठरली ते विकत घेणाऱ्याला, म्हणजे मला, सगळ्यांत शेवटी कळलं. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून काकांनी इंजिनाच्या टोपणावर गुलाल टाकला.

काही दिवस बरे गेले. मग गाडी गुरगुरायला लागली. आधी पोटातल्या पोटात, पुढं उघडउघड. मी काकांकडे गेलो. म्हटलं, परत देऊ या.

"गुलाल पडला न्हवं?" काका म्हणाले. "गुलालाचं जनावर माघारी नेलं, तर उद्या बाजारात माज्या रुमालाखाली कोन हात घालंल?"

घरी येऊन मी गाडी पुसली.

लग्नाच्या चार दिवस आधी मुराळी आला. बहिणीला माहेरी न्यायला येतो तो मुराळी. हा बायकोचा चुलतभाऊ. बैलांच्या गळ्यात नव्या घुंगरमाळा, गाडीत वाकळ अंथरलेली. बायकोचं गाठोडं सकाळपासूनच उंबऱ्यात होतं.

"दाजी, ताईला न्यायाला आलुया."

"लग्नादिवशी मोटारीनं येतो की आम्ही. तासाभराचं काम."

त्यानं मोटारीकडे पाहिलं, मग आपल्या बैलांकडे. "विंझरच्या अंगाला चढ हाय, दाजी."

"मोटारीला कसला चढ!"

"अवो," बायको हळूच म्हणाली, "मी जाते की म्होरं. तुमी या मागनं मोटारीनं."

पण मग मोटारीत बसायला कोण? मी मुराळ्याला चहा पाजला आणि रिकामी बैलगाडी माघारी लावली. घुंगरांचा आवाज जाईपर्यंत बायको दारात उभी होती. मग तिनं गाठोडं उचलून आत ठेवलं.

मुहूर्त गोरजाचा होता. जेवणं उरकून आम्ही निघालो. नसरापूरपर्यंत गाडी गुरगुरत का होईना, आली. पुढं विंझरच्या अलीकडच्या चढावर मात्र तिनं असा आवाज काढला की शेतातली गुरं उधळली. आणि ती थांबली. इंजिन चालत होतं, चाकं चालत नव्हती.

मी पायाखालची फळी काढून दातेरी चाकांच्या पेटीचं झाकण उघडलं. आत वंगणात कालवलेला लाकडाचा भुसा होता. मूठ मूठ निघाला. दात्यांचा खडखडाट दाबायला तो भरला होता, आणि ते झिजलेले दाते आता तुटून त्यातच पडले होते. काकांनी ऐकली ती शांतता माझ्या हातात होती, ओली, काळी.

"ह्यो भुसा काडला की चालंल?" बायकोनं विचारलं. ती मागं बसली होती, मांडीवर तांब्याचा कऱ्हा धरून.

"चालेल," मी म्हणालो. का म्हणालो, देव जाणे.

वऱ्हाडाच्या गाड्या भरभरून जात होत्या. "काय पावणं, सावलीला थांबलाव?" एकानं विचारलं. तिथं सावलीही नव्हती. मी भुसा काढत राहिलो, कारण दुसरं काही येत नव्हतं. गाड्या संपल्या. बायको एकदाच बोलली: "ऊन कलतंय."

तेवढ्यात समोरून घुंगरं आली. मुराळी बैल पळवत आला होता. मला वाटलं, आता टोमणा. त्यानं तोही मारला नाही.

"दाजी, मोटार वढू का ताईला नेऊ? दोनी न्हाई व्हायचं."

मी तोंड उघडेपर्यंत बायको बैलगाडीत चढली होती. धूळ उडाली. मी मोटारीजवळ राहिलो. राखायला म्हणायचं, पण ती पळून जाणार नव्हती. वारा विंझरकडून होता. सनई ऐकू येत होती, मंगलाष्टकांसाठी ती थांबलेलीही कळली. बैलगाडी अजून मला दिसत होती, पल्याडच्या वळणावर, बोटाएवढी. मी तिच्याकडे बघून हात हलवत "हाक, हाक" ओरडत होतो. कुणाला ऐकू जाणार? मग एकदम सगळी वाजंत्री उसळली. अक्षता पडल्या होत्या. बैलगाडीचा वेग कमी झाला. ती सावकाश वळणाआड गेली.

कऱ्हा घेऊन शेजारची एक मुलगी उभी राहिली होती, असं मला नंतर कळलं. बायकोनं सांगितलं नाही. भाटघरचा माणूस कधीच निघून गेला होता. काका मोटार बघायला आले. पत्र्याला कान लावून, "धाप न्हवतीच पर," म्हणाले.

नागपंचमीला मुराळी पुन्हा आला. तो पाणी पीत होता तेवढ्यात बायको गाडीत जाऊन बसली. मी गाठोडं नेऊन तिच्या शेजारी ठेवलं. तिनं ते मांडीवर घेतलं, कऱ्हा घेतला होता तसंच, आणि म्हणाली, "चल रं, हाक बैल."