बाजरीची भाकरी आणि आईचे मार्क

आमच्या आईनं आजवर एकाही पदार्थाला चांगलं म्हटलेलं नाही. हे मी तिचा पोटचा मुलगा सांगतोय, म्हणजे बाहेरचे काय सांगत असतील ते बघा. तिचं नाव रंगुबाई, वय सदुसष्ट, मुक्काम न्हावरे, तालुका शिरूर. दात सगळे शाबूत आहेत आणि जीभ गरजेपेक्षा जास्त शाबूत आहे.

केंदूरचे बबनराव आचारी तिला वचकून असतात. एका लग्नाच्या पंगतीत आईनं बुंदीचा लाडू फोडला, अर्धा खाल्ला आणि शेजारणीला सांगितलं, "लाडू आजचा हाय, पर त्येल परवाच्या भज्यांचं हाय." बबनराव वाढायला समोरच उभे होते. ते परात घेऊन तसेच मागं फिरले, कारण परवाच एका बारशाला त्याच तेलात भजी निघाली होती. तेव्हापासून कुठलीही ऑर्डर घेताना ते तारीख आणि माणसं विचारायच्या आधी विचारतात, "न्हावऱ्याच्या रंगुबाई हायेत का यादीत?" असतील तर तेलाचे नवे डबे फोडतात.

या जिभेसमोर माझी बायको सीमा अकरा वर्षं स्वयंपाक करतेय. तिची भाकरी टम्म फुगते, पापुद्रा सुटतो, गल्लीतल्या बायका कौतुक करतात. आई ती भाकरी खाते, पूर्ण खाते, ताट बोटानं पुसून घेते आणि म्हणते, "मीठ जरा मागंपुढं झालंय." मागं झालंय की पुढं, हे तिनं कधीही सांगितलेलं नाही. सीमा माझ्यापाशी कुरकुरते, "मला साडी नको का डागदागिना नको. येक डाव नुसतं 'बरी झाली' म्हणल्या तर त्यांचं काय जातंय?" अकरा वर्षं ती एवढ्या एका शब्दासाठी थांबलेली आहे. मी रांजणगावला एका कंपनीत क्वालिटी खात्यात आहे. दिवसभर मालातल्या चुका काढतो आणि घरी आलो की तोंड मिटून बसतो. मध्ये पडलं तर दोघी एक होऊन माझ्या चुका काढतात, हा माझा अनुभव आहे.

गेल्या दिवाळीनंतर गावात समृद्धी मॅडम आल्या. मुलगी दौंडच्या रेल्वे कॉलनीत वाढलेली, वडील रेल्वेत, आणि ही पुण्याच्या कॉलेजात अन्न अभियांत्रिकीत पीएचडी करणारी. अभ्यासाचा विषय बाजरीचं पीठ. बाजरी दळून आणली की आठ-दहा दिवसांत पीठ कडू पडतं, म्हणून आमच्याकडच्या बायका एकदम जास्त दळून आणत नाहीत. मॅडमचं म्हणणं असं, की दळायच्या आधी बाजरीला ठरावीक मिनिटं वाफ देऊन ती नीट वाळवली, तर पीठ दोन-दोन महिने टिकेल. वाफ कमी झाली तर पीठ कडू, जास्त झाली तर भाकरीची चव गेली. मधली बरोबर मिनिटं शोधायची, एवढाच सगळा खेळ होता. दूध डेअरीच्या वरच्या हॉलमध्ये त्यांनी यंत्रं मांडली. पिठाचा कडूपणा यंत्रं मोजत होती, पण भाकरी आवडली की नाही हे सांगायला माणूसच लागतो.

म्हणून गावातले बारा जण चव घ्यायला बसवले. प्रत्येकासमोर भाकरीचे तीन तुकडे आणि एक फॉर्म. एक म्हणजे तोंडात धरवत नाही, नऊ म्हणजे फारच आवडली. कुठला तुकडा कुठल्या पिठाचा हे कळू नये म्हणून तुकड्यांना नुसते आकडे दिलेले: ४१७, २८३, ६५९.

पहिल्या दिवशी बाराही जणांनी तिन्ही तुकड्यांना नऊ दिले. त्यातला एक पंधरा दिवसांच्या कडू पिठाचा होता, मुद्दाम ठेवलेला. माजी सरपंच मच्छिंद्र आबांनी त्यालाही नऊ दिले आणि खाली लिहिलं, 'पुढील वाटचालीस हार्दिक शुभेच्छा'. मॅडमनी विचारलं, "आबा, ही कडू नाही का लागली?"

"लागली की," आबा म्हणाले. "पर लेकीसारखी पोर तू. दौंडास्नं गाडी मारत येतीस, आमाला भाकर खाऊ घालतीस. तुला काय तोंडावर कडू म्हणायचं?"

दुसरी पंचाईत थुंकण्याची. तुकडा चावायचा, चव घ्यायची, पेल्यात थुंकायचा, चूळ भरायची आणि मग पुढचा घ्यायचा, असा नियम. तो ऐकून अर्धी माणसं उठून उभी राहिली. भाकरी थुंकायची ही कल्पनाच त्यांना सोसवेना. शेवटी सगळे गिळत राहिले, आणि तिसऱ्या तुकड्यापर्यंत कुणीतरी खिशातून पुडीत बांधलेला ठेचा काढून फिरवायला सुरुवात केली.

तरी हे परवडलं. पुढच्या आठवड्यात त्याहून वाईट झालं. गावच्या विकास सोसायटीची निवडणूक तोंडावर आली होती, आणि कुणीतरी उठवलं की ४१७ नंबर म्हणजे आबांच्या गटाची बाजरी आणि २८३ म्हणजे जालिंदरच्या गटाची. जालिंदर म्हणजे आबांचा कायमचा विरोधक. झालं, आबांच्या सहा माणसांनी ४१७ ला नऊ आणि २८३ ला एक दिला, जालिंदरच्या सहांनी बरोबर उलटं केलं. ६५९ ला अपक्ष समजून कुणी हातसुद्धा लावला नाही. बाजरी तिन्हीकडं एकाच पोत्यातली होती. संध्याकाळी जालिंदरनं हॉलवर जाऊन फेरमोजणी मागितली.

मी दूध घालायला डेअरीत गेलो तेव्हा मॅडम पायरीवर डोकं धरून बसल्या होत्या. म्हणाल्या, "मला या गावात अन्नाला नावं ठेवणारं एक तरी माणूस मिळेल का हो?"

रांगेत दोन्ही गटांची मिळून पंधरा-वीस माणसं होती. सगळ्यांनी एकदम माझ्याकडं बघितलं. गावात एवढं एकमत मी पहिल्यांदाच पाहिलं.

अडचण एकच होती. सगळ्या भाकऱ्या एका हातच्या, एका जाडीच्या असाव्यात म्हणून मॅडमनी भाकरी थापायला आधीच सीमाला नेमलं होतं. आणि चव घेणाऱ्याला थापणारं कोण हे कळता कामा नये, असा नियम. हॉलमध्ये मधोमध पडदा होता. अलीकडं चव घेणारे बसत, पलीकडं गॅसवर सीमाचा तवा. सीमानं मला निक्षून सांगितलं, "आत्यांना बोलू नका." सासूला आत्या म्हणायची आमच्याकडं रीत आहे. "माझी भाकर हाय हे ठावं नसताना त्या काय मार्क देत्यात, ते मला बघायचंय. तवा चांगलं म्हणल्या तर खरंच चांगलं." घरी तिनं बचत गटाच्या मीटिंगा वाढल्याचं सांगून टाकलं. मला खोटं बोलायला लागू नये म्हणून मी ते सगळे महिने आईसमोर तोंडात घास ठेवूनच वावरलो.

आई पहिल्यांदा खुर्चीवर बसली तेव्हा मॅडमनी तिला भीतभीत थुंकण्याचा नियम सांगितला. आईला त्यात काहीच वावगं वाटलं नाही. पहिला तुकडा चघळून ती म्हणाली, "ह्ये पीठ ताजं." दुसऱ्याला म्हणाली, "ह्ये बारा दिसांचं." तिसरा तिनं जरा घोळवला. "ह्या बाजरीला वाफ दिलीया. पर वाळवताना जाड ढीग केला व्हता. मधली वलीच ऱ्हायली."

मॅडमनी वही उघडली. पीठ बारा दिवसांचंच होतं, आणि त्या दिवशी वाळवायच्या ट्रेमध्ये खरंच दुप्पट बाजरी भरली गेली होती. त्यांनी आईचे दोन्ही हात धरले आणि बराच वेळ सोडले नाहीत. फॉर्मवर मार्क होते पाच, दोन आणि तीन.

त्या संध्याकाळी घरात भांड्यांचा आवाज जरा जास्त होता. "पाच," सीमा मला हळूच म्हणाली. "माझ्या ताज्या भाकरीला नवातनं पाच." मी म्हणालो, पास तर झालीस. त्या दिवशी मला भाजी मिळाली नाही.

मग पुढचे पाच महिने आमच्या घरात दुसरा विषय नव्हता. पंधरा मिनिटं वाफ दिली तर आई म्हणाली, धुणं उकळल्याचा वास येतोय. पाच मिनिटं दिली तर विसाव्या दिवशी पीठ कडू निघालं. मॅडम आठ मिनिटांवर आल्या, बाजरी पातळ पसरायला लागल्या. तर मग भाकरी थापताना कडेनं चिरायला लागली. ते सीमानं सोडवलं. तिनं कोमट पाण्याऐवजी उकळतं पाणी घातलं, पीठ जरा झाकून ठेवलं आणि तळहातानं दणकून मळलं. मॅडमनी वहीत 'सीमाताई पद्धत' असं लिहून घेतलं. मार्क मात्र मुंगीच्या पावलांनी वर चालले होते. पाच, पाच, साडेपाच. मॅडम म्हणाल्या, मावशी, अर्धा मार्क देता येत नाही. आईनं पाच केले.

आईचं स्वतःचं मात्र भलतंच झालं. मॅडमनी तिला 'प्रशिक्षित परीक्षक' असा बिल्ला दिला होता, तो लावून ती बाजाराला जायला लागली. चाळीस वर्षं सकाळी लावायची मिश्री तिनं परीक्षेच्या दिवशी बंद केली. माझ्या वडलांनी जन्मभर सांगून सुटली नव्हती ती मिश्री. डॉक्टरांनी सांगून नाही, देवाला बोलून नाही, बाजरीच्या तुकड्यांसाठी तेवढे दिवस तरी सुटली. मला तिचा अभिमानही वाटला आणि थोडा रागही आला.

मे महिन्यात शेवटची परीक्षा लागली. साठ दिवसांचं वाफवलेल्या बाजरीचं पीठ आणि त्याच दिवशी दळलेलं ताजं पीठ. आईला दोन्हीत फरक कळला नाही, तर मॅडमचं काम झालं. पुण्याहून त्यांचे सर आले. मी अर्धा दिवस रजा टाकली आणि पडद्यामागं सीमाजवळ उभा राहिलो. तिनं दोन भाकऱ्या केल्या, तुकडे ताटलीत लावले आणि कोपऱ्यात जाऊन पदराचं टोक चावत बसली. आता थोड्या दिवसांत मॅडम निघून जाणार, पडदा निघणार, आणि घरी परत मीठ मागंपुढं. हे तिला माहीत होतं आणि मलाही.

आईनं पहिला तुकडा चघळला. चूळ भरली. दुसरा चघळला. परत पहिल्याकडं आली, जे ती कधी करत नसे. मग चष्मा लावून तिनं फॉर्म भरला. मॅडमनी तो वाचला आणि त्यांचा आवाज चिरकला. दोन्ही तुकड्यांना आठ-आठ.

"मावशी, काही सांगायचंय?"

"पिठाचं वय वळखंना," आई म्हणाली. "दोन्ही बऱ्या झाल्यात."

सरांनी मॅडमचं अभिनंदन केलं, डेअरीतली माणसं टाळ्या वाजवायला वर आली. सीमा पिठाच्या हातांनी पडदा सारून थेट आईसमोर जाऊन उभी राहिली. तिचे डोळे भरले होते. "आत्या, ह्या भाकरी मी केल्यात. पयल्या दिवसापास्नं मीच करतीया."

आईनं सावकाश चूळ भरली. "मला काय ठावं न्हाई व्हय? अकरा वर्सं तुझ्या हातचं खातीया. तुझी भाकर डाव्या अंगाला कणभर जाड असती. पयल्याच तुकड्याला वळखली."

मॅडम पांढऱ्या पडल्या. चव घेणारीला पहिल्यापासून सगळं माहीत. सर त्यांना समजावू लागले, की दोन्ही भाकऱ्या एकाच हातच्या आहेत, मार्क पिठाला आहेत, निकालाला धक्का नाही. पण तिकडं कुणाचं लक्ष नव्हतं.

"ठावं व्हतं?" सीमा म्हणाली. "मग हितं आठ देताय, आन् घरी अकरा वर्सांत येक शब्द न्हाई? माझं काय चुकलं व्हतं?"

आईनं चष्मा काढून पदराला पुसला. मला वाटलं, आता मीठ निघणार.

"घरी कुणी इचारलंय मला?" आई म्हणाली. "हितं ही पोर कागद म्होरं ठिवती, समोर बसती, खरं सांगा म्हणती. तू ताट ठिवतीस आन् चुलीकडं तोंड करून हुबी ऱ्हातीस. तुझ्या पाठीला काय सांगू मी? आपलं मिठाचं बोलायचं, म्हंजी तू वळून तरी बघतीस."

मी खिडकीशी गेलो आणि बाहेरचे दुधाचे कॅन मोजायला लागलो. 

त्या दिवशी संध्याकाळी सीमानं आईचं ताट वाढलं. ताटाशेजारी हॉलमधून आणलेला एक कोरा फॉर्म ठेवला, वर पेन ठेवलं, आणि आत न जाता समोर मांडी घालून बसली. आई जेवली. घाई केली नाही. ताट पुसून घेतलं, हात धुतले, चष्मा लावला, फॉर्म भरून त्याची घडी केली आणि सीमाच्या हातात दिली.

सीमानं घडी उघडून बघितली, परत घातली आणि कमरेला खोचली. मी विचारलं, किती?

"तुमाला कशाला?" ती म्हणाली. "तुमी जेवा गप."

मी जेवलो. भाकरी फार छान झालीय, असं म्हणालोसुद्धा. दोघींपैकी कुणीही माझ्याकडं लक्ष दिलं नाही.