तांब्याचा खड्डा

पेठ तालुक्यातल्या एका डोंगराच्या कुशीत जुना खड्डा होता. पाड्यावरचे लोक त्याला तांब्याचा खड्डा म्हणत. कधीकाळी कुणी साहेब आला, खडकावरचा हिरवा डाग पाहून खणून गेला. पुढे सरकारी माणसं आली, त्यांनी खड्डा पाहून नकाशावर खूण केली. नव्वदच्या दशकाच्या शेवटी आमची खासगी कंपनी आली ती त्या खुणेवर विसंबून. तांबं मिळेल, सोबत थोडी चांदीही, असं आमच्या साहेबांनी मनाशी पक्कं केलेलं. मेंढरामागे मेंढरू जावं तसे आम्ही तिथे जाऊन उभे राहिलो.

मी भूशास्त्र शिकून नुकतीच नोकरीला लागले होते, आणि माझ्या जिभेला हाड नव्हतं. मी त्या हिरव्या दगडावर आम्लाचे थेंब टाकले. तांब्याचा असता तर फसफसला असता. हा ढिम्म. आपल्या काळ्या खडकाच्या पोकळ्यांत अशी हिरवी माती कुठेही सापडते, तिचा तांब्याशी काडीचाही संबंध नसतो. साहेबांना तसं सांगितलं तर म्हणाले, "वरवर बघून काय कळतंय? खाली जाऊन बघू." माझं डोकंच फिरलं. पण ड्रिलिंगचं यंत्र तोवर घाट चढायला लागलं होतं.

यंत्राला पाणी लागतं. टोकाला हिऱ्याचे कण बसवलेली नळी खडक कापत जाते, तेव्हा वरून सारखं पाणी सोडावं लागतं. ते दगडाचा चुरा घेऊन परत वर येतं. पाड्याला एकच झरा होता, खड्ड्याच्या जरा खाली, दगडांनी बांधून घेतलेला. मी जिच्या घरी राहत होते त्या मावशीला भीत भीत विचारलं, तर ती हसली. "पान्याला नाय कसं म्हनायचं, बाई? आल्या मानसाला आपन पयलं पानीच देतो ना?" पाड्यानं आपणहून झऱ्यावर आमचा पंप बसवू दिला.

काही दिवस नळीतून निघणारे नुसते काळ्या दगडाचे दांडके खोक्यांत भरत राहिले. मग एका सकाळी लाल माती आली. लाव्हाच्या दोन थरांमध्ये असा भाजलेला लाल थर असतो, आणि वरून मुरलेलं पाणी त्याच्यावरच थोपून राहतं, तेच पुढे झऱ्याला येतं. म्हणजे पातेल्याचं बूडच ते. तासाभरात ड्रिलच्या मिस्त्रीनं मला हाक मारली.

"मॅडम, पाणी परत येत नाही."

वरून पाणी सोडलं जात होतं आणि वर काहीच येत नव्हतं. पातेल्याच्या बुडाला भोक पडलं होतं. मी साहेबांना म्हटलं, आत्ताच थांबा आणि सिमेंट भरा. ते म्हणाले, "भोक भरलं तर पुढं कसं जायचं? दम धरा जरा." मिस्त्री माझ्याकडे न बघता पुढची नळी जोडू लागला.

झरा उतरला. बांधलेल्या दगडांवर ओलीची रेघ रोज थोडी खाली दिसायची. लोकांना वाटलं, पंप ओढतोय म्हणून. आम्ही पंप काढला, यंत्रासाठी टँकर आणला. बायका रिकामे हंडे घेऊन यायच्या, आत वाकून बघायच्या आणि मलाच धीर द्यायच्या, "आता भरंल, बाई. पंप थांबला ना." कुणी शिवी दिली असती तर बरं वाटलं असतं. त्यांच्या त्या भरवशाची मला धडकी भरायची.

प्रयोगशाळेचा निकाल आला: तांबं नाही, चांदी नाही. साहेब म्हणाले, सामान बांधा. मी यंत्राच्या पायथ्याशी बसले आणि सांगितलं, सिमेंट आल्याशिवाय हे इथून हलणार नाही. खूप बोलाचाली झाली, शेवटी सिमेंट आलं. आम्ही भोक तोंडापर्यंत भरलं. पण फटीफटींतून खाली गेलेल्या पाण्याला कोण वर आणणार? आठवडा गेला. झऱ्याच्या तळाशी चिखल उरला, मग त्यालाही भेगा पडल्या.

निघायच्या दिवशी मावशीनं मला अंगणात थांबवलं.

"खरं सांगा बाई, पानी परत येईल का?"

"नाही, मावशी. मला नाही वाटत."



"मंग लेकीला निरोप धाडाया पायजे," ती म्हणाली. "पयलं बाळंतपन हाय तिचं. माहेरी येऊ नको म्हनावं."