माझा गोड आवाज आणि कंपनीचा कॉम्प्युटर

चहा घ्या, पण घोट गिळल्यावरच पुढचं ऐका, ठसका लागला तर मी जबाबदार नाही! आता काय सांगू तुम्हाला, माझ्याच आवाजानं माझी अशी फजिती केली, की विचारू नका.

मी चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत डिस्पॅचला आहे. माल भरला की गेटपास काढायचा, हे माझं काम. तर आमच्याकडे नवीन टूम निघाली. पासवर्ड बंद! कॉम्प्युटर म्हणे आवाज ओळखून उघडणार.

ते बसवायला अनिकेत नावाचा इंजिनिअर आला. म्हणाला, "मॅडम, 'नमस्कार, मी वैशाली' एवढंच म्हणा. नेहमीच्या आवाजात."

नेहमीच्या? आख्खं ऑफिस बघत असताना? मी मूळची बीडची हो! माझा नेहमीचा आवाज म्हणजे या शिवारातून त्या शिवारात. मी आपला विमानतळावरच्या बाईसारखा आवाज काढला. मऊ, लाडिक, शेवटी जरासा हेल.

"वा मॅडम, काय गोड आवाज!" अनिकेत म्हणाला. मी दिवसभर हवेत!

दुसऱ्या दिवशी चौकात ट्रॅफिक तुंबलेला. रहाटणीहून निघालेली मी धापा टाकत पोचले. गेटवर भरलेला ट्रक उभा. माल वेळेत पोचला नाही तर पुढच्या कंपनीची लाइन थांबणार. साहेब माझ्या टेबलापाशी येरझाऱ्या घालतायत. मी पर्स फेकली आणि म्हटलं, "नमस्कार, मी वैशाली!"

स्क्रीनवर उत्तर आलं, 'आवाज जुळत नाही.'

परत म्हटलं. जरा मोठ्यानं. नाही! आणखी मोठ्यानं. छे! मग काय, बीड बाहेर आलं. "आरं कामून उघडंना? मीच हाय की! किती येळ बोंबलू?"

ड्रायव्हर शिंदेमामा खिडकीत येऊन म्हणाले, "ताई, गेटपास द्या की. नुसतं भांडून कुठं उघडतंय व्हय ते?"

मी अनिकेतला फोन लावला. "अहो, हे तुमचं यंत्र मला ओळखंना झालंय!"

"आपण कोण?"

"वैशाली! डिस्पॅचची!"

"ताई, प्लीज वैशाली मॅडमना फोन द्या. त्यांचा आवाज मला माहितीये."

घ्या! यंत्राचं सोडा, माणूससुद्धा मला ओळखेना!

साहेबांनी हात जोडले. "वैशाली, काल बोलल्या होतात तसं बोला ना."

सगळ्यांसमोर? आता? पण ट्रकचा हॉर्न थांबेना. मी डोळे मिटले, घसा साफ केला आणि मधात घोळवून म्हटलं, "नमस्काऽर, मी वैशालीऽ."

उघडला की मेला! शिंदेमामांनी टाळ्या वाजवल्या. ऑफिस हसून लोळायचं बाकी होतं.

एवढ्यावर भागलं असतं तर बरं होतं. पण कीबोर्डवरून जरा हात उचलला की ते यंत्र पुन्हा बंद! दिवसभर मी आपली त्याच्याशी लाडंलाडं बोलतेय. संध्याकाळपर्यंत तो आवाज घशात असा रुतून बसला, की घरी आले तरी जाईना.

आमचे हे सोफ्यावर बसले होते. मी त्याच सुरात म्हटलं, "अहोऽ, जरा कांदे चिरून देता काऽ?"

ह्यांचा चेहरा पांढराफटक! "काय झालं? नोकरी गेली का?"

"नाही होऽ."

"मग माझं काही चुकलं का?"

"नाही होऽ, काहीच नाहीऽ."

हे उठले आणि फोन घेऊन गॅलरीत. थोडा वेळ गेला. कांदे तसेच! माझं डोकं सटकलं. घशात रुतलेला तो मध कुठल्या कुठं गेला. स्वयंपाकघरातूनच ओरडले, "आवो, कांदे कोण चिरायचे? तुमचा काका?"

हे गॅलरीतून धावत आले. हातात फोन, स्पीकर चालू. पलीकडे बीडहून माझा सख्खा भाऊ सांगत होता,

"दाजी, डॉक्टर-बिक्टर काय नको. ठणठणीत हाय ती. आन् पुढच्या टायमाला फोन लावू नका, नुसती खिडकी उघडा, इथवर यील ऐकू!"