मेहुण्याच्या ट्रकची गुलाबी चाकं

मी मेहुण्याच्या ट्रकच्या चाकांना, त्याला न विचारता, काळं रबर फासलं.

चाकं म्हणजे टायर नव्हेत. टायर आधीच काळे असतात, एवढं मलाही कळतं. मधली लोखंडी डिस्क, जिच्यावर नट असतात, ती. आणि रबर म्हणजे स्प्रेच्या डब्यातून रंगासारखं उडतं ते. वाळलं की त्याची कातडी होते आणि कंटाळा आला की ती कातडी सोलून टाकायची. खालचं सगळं जसंच्या तसं. निदान व्हिडिओत तरी. त्या व्हिडिओत एक दाढीवाला परदेशी इसम चाकाला नख लावतो आणि केळं सोलावं तशी अख्खी साल ओढून काढतो. मी तो व्हिडिओ इतक्यांदा पाहिला की शेवटी मला वाटायला लागलं, हे आपण पूर्वी केलेलं आहे.

कळंबोलीत ज्याच्या दारासमोर ट्रक मावतो त्याला नातेवाईक फार. आमचं बैठं घर गल्लीच्या टोकाला, त्यामुळे जागाच जागा. बायकोचा धाकटा भाऊ लोखंड बाजारातून तळोज्याला सळया आणि पत्रे वाहतो. खंडेनवमीच्या आधी तो ट्रक आमच्या दारात लावून साताऱ्याकडे गावी गेला, वडिलांना आणायला. खंडेनवमीला शस्त्रांची पूजा करतात; आमच्याकडे तलवारी नाहीत, म्हणून ट्रकची करतात. सासऱ्यांना मी मामा म्हणतो, त्यांची मुलं आण्णा. मामांनी जन्मभर ट्रक चालवला, आणि यंदाची पूजा त्यांच्या हातून व्हायची होती. मेहुण्यानं जाताना किल्ली माझ्या हातावर ठेवली आणि एवढंच सांगितलं की दाजी, फक्त लक्ष ठेवा.

मला कुणी फक्त लक्ष ठेवायला सांगितलं की तो माझा अपमान वाटतो. मी ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात बिल्ट्या, म्हणजे मालाच्या पावत्या, फाडतो. दिवसभर ट्रकांच्या गप्पा, पण ट्रकला हात लावायची वेळ कधी येत नाही. त्यात मेहुण्याच्या ट्रकची चाकं म्हणजे चिखल, ग्रीस आणि त्याखाली कसलीशी पिवळी-लाल चित्रकला. म्हटलं, पूजेच्या दिवशी मामांच्या समोर चाकं कशी काळीभोर, तुकतुकीत दिसली पाहिजेत. कुणाला नाही आवडलं तर सोलून टाकू. या शेवटच्या वाक्यावर मी निर्धास्त होतो.

बायको तिच्या शिवणाच्या क्लासला गेली होती, नाहीतर पुढचं घडलंच नसतं. चाकं धुतली म्हणण्यापेक्षा मी त्यांच्यावर ओलं फडकं फिरवलं. टायरला रबर लागू नये म्हणून टायर आणि डिस्कच्या फटीत गोलाकार पुठ्ठे खोचतात. पुठ्ठे नव्हते, म्हणून कपाटात साठलेल्या जुन्या लग्नपत्रिका खोचल्या. एकेका चाकाभोवती निम्मं गणगोत उभं राहिलं. मग डबे. दुकानदार म्हणाला होता एवढ्या चाकांना आणखी लागतील; पण दुकानदार तसं म्हणणारच. पाहुणे वाढले की रश्शात पाणी वाढवायचं, हे आमच्या साताऱ्याकडचं शास्त्र मी रबराला लावलं. डबा लांबून धरला, हात भरभर फिरवला, आणि बाहेरून दिसणारी चारही चाकं पुरवून पुरवून काळी केली. थर दिसायला झकास बसला. कमरेवर हात ठेवून मी लांबून पाहिलं आणि माझंच मला कौतुक वाटलं.

बायको आली ती रिक्षातून उतरून तशीच उभी राहिली. खांद्यावरची पिशवीही काढली नाही.

"फुलं कुठं गेली?"

मी विचारलं, कुठली फुलं. तेव्हा तिनं जे सांगितलं ते आवाज न चढवता सांगितलं, म्हणून जास्त लागलं. हा ट्रक घेतला तेव्हा मामांनी तो गावी नेऊन प्रत्येक चाकावर स्वतःच्या हातानं फुलं काढली होती. नटांच्या मधे मधे पिवळ्या पाकळ्या, आत लाल टिकली. त्यानंतर त्यांचा हात थरथरायला लागला. आता चहाचा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरावा लागतो, ब्रश संपला. मधे ट्रकला नवा रंग दिला तेव्हा मेहुण्यानं पेंटरला चाकांना हात लावू दिला नव्हता. ती मामांनी काढलेली शेवटची फुलं होती.

मी हसलो. खरंच हसलो. म्हटलं, अगं, ते सोलतं की. आणि मागच्या डाव्या चाकाला व्हिडिओतल्यासारखं नख लावलं.

साल निघाली ती तांदळाच्या दाण्याएवढी. पुन्हा नख लावलं, पुन्हा दाणा. उन्हानं भाजलेल्या पाठीची कातडी निघावी तसे चिमूटचिमूट तुकडे. मी जोर केला. या वेळी तुकडा मोठा निघाला, पण तो काळा नव्हता. एका बाजूनं पिवळा होता.

बायकोनं माझं मनगट धरून हात बाजूला केला, जसा लहान मुलाचा चुलीपासून करतात. मी थिनरचं नाव काढलं. ती म्हणाली, थिनरनं रबर जाईल, त्याच्याबरोबर आण्णांचा रंगही जाईल, मग तुमीपण जा.

तेवढ्यात मेहुण्याचा फोन आला. तो आनंदात होता. मोतीबिंदू काढल्यापासून आण्णांना सगळं स्वच्छ दिसायला लागलंय, म्हणाला, आणि गाडीची चाकं बघायची म्हणून सकाळपासून मागे लागलेत. मी म्हणालो, वा. मोतीबिंदू निघाल्याचं एखाद्याला इतकं वाईट वाटलं असेल असं मला वाटत नाही.

मी पायरीवर बसून होतो. बायको चाकापुढे उकिडवी बसून त्या काळ्या चुऱ्यावर बोट फिरवत होती, मधेच चुरा बोटांत चोळून बघत होती. मग म्हणाली, "फेणी पातळ झालीय."

तांदळाच्या फेण्या आमच्याकडे दर उन्हाळ्यात होतात. पातळ पीठ ताटलीवर पसरून वाफवायचं आणि त्याची चकती सोलून वाळत घालायची. पीठ फार पातळ पसरलं तर चकती ताटलीला धरून बसते, सोलायला गेलं की चिंध्या. बायकोचं म्हणणं असं की तेव्हा कुणी ताटली खरवडत नाही. वरून आणखी एक पळी पीठ घालायचं, पुन्हा वाफवायचं. जाड थर पातळाला धरून घेतो आणि दोन्ही एकदम निघतात. म्हणजे चाकांवरचं रबर काढायचं तर त्यावर आणखी रबर मारायचं. मला हे वेडेपणाचं वाटलं, पण त्या दिवशी वेडेपणाबद्दल बोलायचा अधिकार माझ्याकडे नव्हता.

दुकानात काळे डबे संपले होते. दसऱ्याला सगळ्यांनाच गाड्या नटवायच्या असतात. उरला होता तो भडक गुलाबी, कुणीतरी स्कूटरसाठी मागवून न्यायला न आलेला. मी म्हणालो, रंग कुठलाही चालेल, सगळे द्या. दुकानदारानं माझ्याकडे जरा आदरानं पाहिलं.

या खेपेला डबा बायकोच्या हातात होता. मला फक्त लग्नपत्रिका धरायला ठेवलं होतं. तिनं जवळून, सावकाश, थर वाळू देऊन त्यावर थर असं मारलं, आणि ट्रक बारशाला निघाल्यासारखा दिसायला लागला. शेजारचे चाचा मूळ रायगड किनाऱ्याकडचे, शांत माणूस. ते नमाजाहून परत येताना थांबले, चाकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि विचारलं, "मुलगी झाली काय?"

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत वाळू द्यायचं ठरलं. पाहुणे संध्याकाळी यायचे होते. मी ऑफिसला दांडी मारली आणि चाकांपाशी खुर्ची टाकून बसलो. दर थोड्या वेळानं उठून बोट लावायचो, बायको आतून ओरडायची, पुन्हा बसायचो. ऊन चांगलं होतं. बारा वाजायच्या सुमाराला बायको म्हणाली, जेवून घ्या, मग काढू. आणि आम्ही ताटावर बसतोय तोच बाहेर मेहुण्याचा आवाज. मामांना दम निघाला नव्हता, म्हणून त्यांनी पहाटेचीच एसटी धरली होती.

मी हात न धुता बाहेर आलो. मामा पांढऱ्या टोपीत, काठी टेकून, ट्रकसमोर उभे होते. मेहुण्याच्या हातात पिशवी होती. ती त्याच्या हातून पडली असती तर बरं झालं असतं. त्यानं ती सावकाश खाली ठेवली.

"दाजी, ह्ये काय हाय?"

मी म्हणालो, तात्पुरतं आहे. मग सगळं सांगितलं, उलटसुलट, व्हिडिओपासून फेणीपर्यंत. मेहुणा वडिलांच्या तोंडाकडे बघत होता. मामांनी माझी खुर्ची पुढच्या चाकासमोर ओढून घेतली, बसले, आणि त्या गुलाबी ताटाकडे वाकून पाहायला लागले.

"फुलं हायती का खाली?" त्यांनी विचारलं.

मी 'आहेत' म्हणालो. आवाज मात्र 'असावीत' असा निघाला.

बायकोनं एका बाजूची कड नखानं उचलली, दुसऱ्या बाजूची मी. पहिल्यांदा काहीच झालं नाही. मग कुठंतरी चर्र झालं, कड सुटली, आणि ती अख्खीच्या अख्खी कातडी जड ओल्या पोळीसारखी आमच्या हातांत उतरत आली. वरून गुलाबी, आतून काळी, आणि नटांच्या जागी खोलगट वाट्या; आप्पेपात्रच ते. आतल्या बाजूला वर्षानुवर्षांचा चिखल आणि ग्रीस चिकटून आलं होतं. मी चाक नीट धुतलं असतं तर रबरानं बहुधा रंगालाच धरलं असतं. माझी कामचुकारी त्या दिवशी कामाला आली. खाली फुलं होती. पिवळी, लाल, परवाच काढल्यासारखी.

मी तिथंच, चाकाला पाठ टेकून, रस्त्यावर मांडी घालून बसलो. बायको उरलेली चाकं सोलत होती आणि प्रत्येक चर्र माझ्या कानांना सनईसारखा वाटत होता. मेहुणाही शेवटी वाकला आणि तिला मदत करायला लागला. त्याच्या तोंडावर अजून राग होता, पण साल ओढायला मजा येते, त्याला तो तरी काय करणार.

शेवटी राहिलं मागचं डावं चाक. तिथं एका फुलाची एक पाकळी नव्हती. मेहुण्यानं बोट ठेवून माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं, ती माझ्या नखानं गेली. मामा उठून आले, काठी मेहुण्याकडे दिली, चाकावरून तळहात फिरवला. मग म्हणाले की पूजेला चाकाला हळद लागतीच की.

आणि दुसऱ्या दिवशी पूजेत त्यांनी तेच केलं. हळदीत बुडवलेलं बोट त्या मोकळ्या जागी टेकवलं आणि दाबून ठेवलं. बोट हललं, पण हळदीला कुठं रेघ लागते. पाकळी झाली. जरा जाडी झाली, एवढंच. बायकोनं डोळ्यांना पदर लावला आणि धुराचं निमित्त सांगितलं. उदबत्ती मी अजून पेटवलीच नव्हती.

नारळ फुटला, पेढे झाले. मेहुणा माझ्याशी पुन्हा बोलायला लागला, म्हणजे दाजी, सरका जरा, एवढं बोलला. मग तो बंपरला लिंबू-मिरची बांधायला वाकला. मामा खुर्चीवरून बघत होते.

"ते र्‍हाऊ दे," मामा त्याला म्हणाले. "त्याच्या जागी ह्या जावईपावण्यास्नी बांध. गाडीला नजर लावायची कुणाची छाती न्हाई व्हायची."