वाकलं तरी पेन न पडणारा खिसा

माझी धाकटी बहीण नर्सेसचे गणवेश शिवते. तेवीस वर्षं झाली. जिन्याखाली एका मशीनवर सुरुवात केली. आता भाड्याच्या गाळ्यात चार मशीनं आहेत आणि हाताखाली तीन बायका. तिचा खिसा प्रसिद्ध आहे. पेशंटवर वाकलं की नर्सचं पेन घसरून पडतं, म्हणून ती खिसा जरा तिरका लावते आणि आतून एक अरुंद कप्पा शिवते. आई आजारी होती तेव्हा हॉस्पिटलच्या बाकावर बसून बसून तिला ते सुचलं.

आता आमचे चिरंजीव. यांना उद्योजक व्हायचंय. कसला उद्योग, ते ठरायचंय, आधी पदवी. एके दिवशी जेवणाच्या टेबलावर त्यांनी तीन कॉलेजांची माहितीपत्रकं पसरली. उद्योजक होणाऱ्यांसाठी मॅनेजमेंटची मास्टर्स, तिन्हीकडे तीच. एकीकडे प्रवेशपरीक्षा, दुसरीकडे दोन वर्षं नोकरी केल्याचा दाखला. तिसरीकडे परीक्षाबिरीक्षा काही नाही. स्वतःच्या चालू धंद्यावर निबंध लिहायचा, मग प्राध्यापक येऊन धंदा बघून जाणार.

"हेच बरं," चिरंजीव म्हणाले.

"अरे, पण तुझा धंदा कुठाय?"

"आत्याचा आहे ना."

मला वाटलं, थट्टा करतोय. निबंध वाचला तेव्हा शिसारी आली. जिन्याखाली मशीन यानंच लावलं होतं, खिसा यालाच सुचला होता. हॉस्पिटलचं बाकसुद्धा सोडलं नव्हतं, फक्त त्यावर हा बसला होता. ज्याला स्वतःच्या शर्टाचं बटण लावता येत नाही, तो! आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच, आणि तो मी दूध घालून वाढवलेला.

बहिणीला त्यानं एवढंच सांगितलं, "एक दिवस पाहुणे येतील. मीच मालक आहे असं म्हण."

ती सुईत दोरा ओवत होती. हात थांबवून तिनं मला विचारलं, "दादा, तुला चालेल?"

"पोराच्या आयुष्याचा प्रश्न आहे गं," मी म्हणालो. पोराच्या निबंधापेक्षा मला माझ्या या वाक्याची जास्त किळस येते.

प्राध्यापक आले त्या दिवशी दारावर नवी पाटी होती. तिच्यावर चिरंजीवांचं नाव, खाली 'संस्थापक'. प्राध्यापकांनी एका गणवेशाच्या खिशात आपलं पेन घालून तो उलटा धरून पाहिला. पेन पडलं नाही. चिरंजीव लाजल्यासारखे हसले. मग प्राध्यापक बहिणीकडे वळले.

"किती वर्षं आहात यांच्याकडे?"

"सुरुवातीपासून," ती मशीन न थांबवता म्हणाली.

"यांच्याकडून शिकून घ्या, ताई. उद्या तुम्हीही स्वतःचं काहीतरी सुरू करू शकाल."

मशीन थांबलं. तिघी बायकांनी माना खाली घातल्या. "वडील म्हणून अभिमान वाटत असेल?" प्राध्यापकांनी मला विचारलं. खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

"वाटतो तर," मी म्हणालो.

प्रवेश मिळाला. पत्रात एक अट होती: दोन वर्षं धंदा याच नावानं चालला पाहिजे, दर तीन महिन्यांनी कॉलेजचा माणूस बघायला येणार. चिरंजीव पत्र नाचवतच गाळ्यात शिरले. मागोमाग मी.

"आत्या, पाटी राहू दे हं!"

"राहू दे की. गाळाही ठेव. मी पलीकडच्या गल्लीत जागा घेतलीय."

तेव्हा कुठे माझं लक्ष गेलं. बायका कात्र्या कापडात गुंडाळत होत्या. कापडाचे गठ्ठे दाराशी लावून झाले होते.

"अगं, मग मी त्यांना दाखवू काय?"

"खिसा शिवून दाखव. तुलाच सुचला ना?"

चिरंजीवांचा चेहरा पडला. "बाबा, सांगा ना हिला काहीतरी!"

बहीण पहिल्या मशीनची एक बाजू धरून उभी होती. "दादा, दुसरी बाजू धर," ती म्हणाली. "बोलायचं होतं तेव्हा बोलला नाहीस. आता निदान उचल."

मी वाकून मशीन धरलं. पोरगं हाका मारत राहिलं, आणि आम्ही दोघांनी रस्ता ओलांडला.