चांदीची तार आणि साडूंचे कान

आमच्या साडूंइतका स्वतःच्या कानांचा माज असलेला माणूस अख्ख्या जयपुरात दुसरा झाला नाही, आणि त्या कानांचं वाटोळं करणाऱ्यांत माझा नंबर पहिला. हे आधीच सांगून टाकतो. कारण त्यांच्या गमती सांगायला लागलो की लोक हसतात, मीही हसतो, आणि मुख्य गोष्ट राहूनच जाते.

साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, ताईंचे यजमान. विम्यातले अधिकारी, बदलीवर जयपुरात आले आणि राजा पार्क वस्तीत रमले. मी बँकेतला, दुर्गापुऱ्यात राहणारा. दोन हजार सालानंतरची ती पाच-सहा वर्षं. माणूस सोन्यासारखा. नव्याने आलो तेव्हा मला टायफॉइड झाला, तर हा गृहस्थ पंधरा दिवस रोज स्कूटरवरून पेजेचा डबा घेऊन यायचा. पण घरी पाऊल ठेवावं तर वेगळंच. बैठकीत सोफा नाही, कारण सोफा म्हणे खालचे सूर पिऊन टाकतो. पाहुण्यांनी खडूने आखलेल्या चौकोनात सतरंजीवर बसायचं. आणि सगळा जीव तारांवर. ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंत जाणारी तार बारीक असली की गाणं उपाशी येतं आणि जाड असली की जेवून येतं, हे ते इतक्या गंभीरपणे सांगत की हसायची चोरी. दिल्लीहून अंगठ्याएवढ्या जाड तारा यायच्या. त्यांच्यावर बाण असायचा, आणि बाण उलटा लागला तर गायक नाकात गातो! तार फरशीला टेकली तर सूर जमिनीत मुरतो, म्हणून एका मूर्तिकाराकडून संगमरवराचे ठोकळे करून आणले आणि तारा त्यांच्यावर निजवल्या. झाडायला येणारी बाई ताईंना विचारायची, "भाभीजी, ये साँप कब तक पालोगे?"

रविवारी सकाळी परीक्षा असायची. परीक्षा आमची, तारेची नव्हे. जयपुरात आमच्या ओळखीची मराठी घरं आठ-दहा, सगळी बदलीवर आलेली. परमुलुखात आपल्या माणसाला दुखवायचं नाही, हा आमचा अलिखित कायदा होता. साडू एकच बंदिश आधी जुन्या तारेतून ऐकवत, मग नव्या, आणि एकेकाच्या तोंडाकडे बघत. रेल्वेतले एक गृहस्थ म्हणायचे, "आता तंबोरा मोकळा झाला." त्यांची बायको म्हणायची, "अगंबाई, श्वाससुद्धा ऐकू आला की हो!" मी तर सगळ्यांवर कडी करायचो. जरा थांबून म्हणायचो, "मींडेत फरक आहे." मींड कशाशी खातात ते मला आजही धड ठाऊक नाही. मग ताईंच्या थालीपिठांवर ताव मारून घरी यायचं. एकट्या त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या लेकीने तोंडावर सांगितलं, "बाबा, मतलब, दोन्ही सेमच तर वाजतंय." साडू म्हणाले, "हिंदी शाळेत घातलं, तिथेच तुझे कान गेले."

कान जात होते ते त्यांचे. कुकरच्या शिट्ट्या ऐकू येईनात, दारावरची घंटा ऐकू येईना. गाण्यातली मंजिऱ्यांची किणकिण नाहीशी झाली की म्हणायचे, "तार थकली." की आणली नवी तार. तरी भागेना म्हणून आवाज आणखी मोठा. शेजारी भिंतीवर ठोकायचे, तेही त्यांना कळायचं नाही.

शेवटी तांब्यावरूनच मन उडालं. शुद्ध चांदीची तार हवी! जौहरी बाजारातल्या कारागिराने विचारलं, "साब, पायल बनेगी?" "नहीं भैया, गाना सुनेंगे." हा किस्सा ते मोठ्या कौतुकाने सांगत. चांदी कुठली? ताईंच्या माहेरचं चांदीचं ताम्हण, माझ्या सासूबाईंनी दिलेलं, तेच वितळवलं. माझी बायको हे ऐकून रडली. ताई रडल्या नाहीत. त्यांनी मला बँकेत फोन केला. "ताम्हण गेलं ते गेलं. यांचे कान तरी राहू देत. माझं ऐकत नाहीत, तुमच्या शब्दावर फार भरवसा आहे त्यांचा. या रविवारी एकदा खरं सांगा, फरक नाही म्हणून. मग मी यांना डॉक्टरकडे नेते."

मी शब्द दिला. अगदी ठासून दिला.

रविवारी चांदीची तार लागली. बंदिश संपली. साडू लहान मुलासारखे माझ्यासमोर येऊन बसले. "बोला. कान तयार आहे तो तुमचाच." ताई हातात कालथा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. आणि मी नालायक, त्या तयार कानाला भुललो. म्हणालो, "साडूभाऊ, गाणं म्हणजे काय ते आज कळलं." ताई आत गेल्या. थालीपिठं त्या दिवशी करपली होती, आम्ही ती मुकाट्याने खाल्ली.

पुढची दोन वर्षं त्यांनी ती तार ऐकली, दिवसेंदिवस मोठ्याने. शेवटी नेलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, वयाने थोडं जायचंच होतं, पण उरलेलं या आवाजाने घालवलं, आधी का नाही आणलंत? कानाला यंत्र बसवलं. त्यातून बोलणं जेमतेम कळायचं, गाणं नाही. मग साडू खोलीत नुसते बसून राहू लागले.

माझी नाशिकला बदली झाली तेव्हा निरोप घ्यायला गेलो. यंत्र टोचतं म्हणून काढून ठेवलेलं. म्हटलं आज सांगायचंच. "साडूभाऊ, मला कधी फरक ऐकू आला नाही." "काय?" पुन्हा सांगितलं. "काय म्हणालात?" तिसऱ्यांदा मी ओरडलो, "फरक नव्हता हो! मी खोटं बोललो!" शेजारच्यांची खिडकी उघडली. ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"आता नका सांगू," त्या म्हणाल्या. "सांगायचं तेव्हा सांगितलं नाहीत."

साडूंना काही कळलं नव्हतं. बदलीमुळे मला भरून आलंय असंच त्यांना वाटलं असणार. माझा हात हातात घेऊन थोपटत म्हणाले, "जपून राहा. तुमच्याइतकं खरं बोलणारा माणूस मला इथे दुसरा भेटला नाही."

मी वाकून त्यांच्या पाया पडलो. मान वर करायला मला फार वेळ लागला.